आभाळाचा सात-बारा कुणाच्या नावावर?

दोस्तांनो,

हा अंक उशिरा निघतोय. एक कारण नेहमीचंच. छापखान्याचे पैसे जमायला दोन पगार लागले, आणि गोदीतल्या कंत्राटी मजुराचा पगार म्हणजे पाळी मिळाली तर मिळाली. दुसरं कारण नवीन आहे. संपादकीय कशावर लिहायचं यावरून आमच्यात भांडण झालं.

मी म्हणालो, विमानाच्या आवाजावर लिहितो. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आमचा एक दोस्त हसला. म्हणाला, "कवी, पोरांच्या हाताला काम नाही, स्कॉलरशिप अडकून पडल्यात, रोज कुठं ना कुठं आपला माणूस मार खातोय, आणि तू आवाजावर लिहिणार? तो बंगलेवाल्यांचा विषय आहे. ज्यांच्या कुत्र्याला दिवाळीत झोप लागत नाही, त्यांचा." तो अजून बरंच बोलणार होता. पण डोक्यावरून विमान गेलं. तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. पंख्याखाली कागद फडफडत होते ते तेवढे दिसत होते. विमान गेलं आणि तो जिथं तुटला होता त्याच शब्दापासून पुन्हा सुरू झाला. आपण थांबलो होतो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, हेच. ह्याच्यावरच लिहितो.

ज्याला दिवसातून शंभर वेळा तोंड मिटायला लावतात आणि ज्याला ते कळतही नाही, तो माणूस नेमका कोण, याचा विचार आपल्या चळवळीनं करायचा नाही तर कुणी करायचा?

मी राहतो घाटकोपरच्या डोंगरावर, असल्फाच्या बाजूला. हाच तो डोंगर, जो २०१७ च्या शेवटी रंगवला. मेट्रोतनं जाणाऱ्या-येणाऱ्याला झोपड्या गोड दिसाव्यात म्हणून निळा, पिवळा, गुलाबी. पेपरात फोटो आले, लोक म्हणाले काय सुंदर! डोळ्यांची सोय झाली, पण बघणाऱ्याच्या. आत राहणाऱ्याच्या कानाचं काय, ते विचारायला कोणी डोंगर चढून आलं नाही.

मुंबईत वर्षातले बरेच दिवस वारा पश्चिमेकडनं, समुद्रावरनं येतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. म्हणजे ते पूर्वेकडनं येणार, ठाण्याच्या खाडीवरनं, घाटकोपरवरनं, कुर्ल्याच्या जरीमरीवरनं. जरीमरीची घरं संपतात तिथं मोठी धावपट्टी सुरू होते. उतरणारं विमान तीन अंशाच्या उतारानं येतं. हिशेब करा, दर किलोमीटरला साधारण ५० मीटर खाली. घाटकोपरवर ते काहीशे मीटर उंच असतं. आम्ही डोंगरावर, म्हणजे आणखी जवळ. जरीमरीत तर पोरं चाकं मोजतात. उडणारी विमानं पलीकडनं, विलेपार्ले-जुहूवरनं समुद्रात निघून जातात. तिकडंही आवाज आहे, मी नाकारत नाही. पण तिकडच्या पुष्कळ खिडक्यांना जाड काच आहे आणि आत थंड हवेचं मशीन आहे. आमच्या डोंगरावर खिडकी बंद केली तर माणूस गुदमरतो. पत्र्याचं छप्पर आवाज अडवत नाही, वाजवतं.

या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना कापतात. म्हणून एका वेळी एकच चालते. त्या एका पट्टीवर ८ डिसेंबर २०१८ या एका दिवसात १,००७ विमानं चढली-उतरली. विक्रम झाला म्हणून पेढे वाटल्यासारख्या बातम्या आल्या. मी मॅट्रिक आहे, भागाकार येतो. चोवीस तासांचे सेकंद ८६,४००. म्हणजे दर ८६ सेकंदांना एक विमान. त्यातली निम्मी उतरणारी धरली, तर तीन मिनिटांच्या आत एक आमच्या डोक्यावर. रात्र धरून. असा विक्रम ज्यांच्या छातीवर झाला त्यांचं नाव त्या बातमीत कुठंच नव्हतं.

आता कायदा बघा. कायदा आपल्या बापानं लिहिला म्हणून आपण कायद्याचं पुस्तक उघडतो, नुसते दगड हातात घेत नाही. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० साली झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. चांगला नियम. मग २०१८ च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं विमानतळासाठी वेगळी अधिसूचना काढली. ज्या विमानतळावर वर्षाला पन्नास हजारांच्या वर विमानं येतात-जातात, त्याच्या आवाजाच्या पट्ट्यात दिवसा ७०, रात्री ६५.

वाचणाऱ्याला वाटतं, ४५ चे ६५ झाले, वीसच वाढले. इथंच आपल्याला गंडवतात. डेसिबल हे किलोसारखं माप नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. वीस वाढले म्हणजे शंभरपट. तुमच्या वस्तीत रात्री जेवढी आवाजाची ताकद चालेल, त्याच्या शंभरपट विमानतळाच्या वस्तीत कायदेशीर. एकाच देशात, एकाच शहरात, एकाच संविधानाखाली. माणूस तोच, कान तोच, फक्त पत्ता बदलला. पत्त्यावरनं माणसाची किंमत ठरवायची ही रीत आपल्याला नवीन नाही. गावात ती वेशीच्या बाहेर होती, शहरात ती धावपट्टीच्या कडेला आहे.

आणखी एक. कायद्याची रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. गोदीत मी तिसरी पाळी करून येतो तेव्हा माझी रात्र सकाळी आठला सुरू होते. वॉचमनची तीच, नर्सबाईची तीच, सफाईवाल्याची तीच. आमची रात्र कुठल्या कलमात बसते?

आता त्या हसणाऱ्या दोस्ताला उत्तर. आवाजानं काय होतं? कान जातो, एवढंच आपल्याला माहीत. तो तर जातोच. धावपट्टीवर काम करणाऱ्याला कानावर घालायला गोळे देतात, भिंतीच्या अलीकडं पाळण्यातल्या पोराला देत नाहीत. पण कान ही लहान गोष्ट आहे. झोपेत विमान गेलं तर माणूस जागा झाला नाही तरी त्याचं काळीज जागं होतं. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. वर्षानुवर्षं असं झालं की हृदयाचे आजार वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी शिफारस केली ती अशी : विमानाचा आवाज रात्री सरासरी ४० डेसिबलच्या खाली ठेवा. युरोपच्या काळजाला चाळीस, आमच्या काळजाला पासष्ट.

आणि पोरं. जर्मनीत म्युनिक नावाचं शहर आहे. तिथं १९९२ मध्ये जुना विमानतळ बंद झाला आणि दुसरीकडं नवा सुरू झाला. अभ्यासकांनी दोन्हीकडची पोरं आधी आणि नंतर तपासली. जुन्या विमानतळाजवळची पोरं वाचण्यात आणि लक्षात ठेवण्यात मागं होती. विमानं गेली तशी ती सुधारली. नव्या विमानतळाजवळची पोरं आधी बरी होती, ती मागं पडली. पुढं लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिदच्या विमानतळांजवळच्या शाळा तपासल्या. २००५ मध्ये निष्कर्ष आला : विमानाचा आवाज जेवढा जास्त, तेवढं पोरांना वाचलेलं कमी समजतं.

माझी भाची दुसरीत आहे. संध्याकाळी मी तिला मोठ्यानं वाचायला बसवतो. ती ओळीवर बोट ठेवते, वाचते, विमान येतं, थांबते. बोट ओळीवर असतं. विमान जातं. आता ती पुढचा शब्द वाचत नाही, परत ओळीच्या सुरुवातीला जाते. एक धडा संपायला एवढा वेळ लागतो की ती कंटाळते आणि बहीण म्हणते, पोरीचं डोकं चालत नाही. डोकं चालतंय गं ताई, डोक्यावरनं जे चाललंय ते बघ. शिका म्हणून बाबासाहेब सांगून गेले, तो आपल्या घोषणेतला पहिला शब्द. त्या शब्दावरनं दर तीन मिनिटांनी कोणी चाक फिरवत असेल तर तो आपल्या चळवळीचा विषय नाही? मग कुठला विषय आपला?

धुराचंही ऐका. विमानात जळतं ते रॉकेलच, गाळून शुद्ध केलेलं. ज्या रॉकेलसाठी आमच्या आयांनी डबे घेऊन रेशनच्या रांगा धरल्या, तेच. अमेरिकेत लॉस एंजलिस विमानतळाच्या वाऱ्याखाली २०१४ मध्ये मापं घेतली, तर डोळ्याला न दिसणारे बारीक कण सोळा किलोमीटरपर्यंत दुप्पट सापडले. हे कण एवढे बारीक की फुप्फुसात खोल शिरतात. वारा समुद्रावरनं आला की विमानतळाची हवा कुठं जाते? पूर्वेला. कुर्ला, साकीनाका, घाटकोपर.

आता रात्रीचं राजकारण. मध्यरात्रीनंतर एवढी परदेशी विमानं का येतात-जातात? लंडनला सकाळी सातला पोचायचं तर मुंबईहून रात्री दोन-तीनच्या सुमाराला निघावं लागतं. आणि लंडनला त्याआधी पोचून चालत नाही, कारण तिथं रात्रीच्या विमानांवर मर्यादा आहे. फ्रँकफुर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच विमान बंद. सिडनीत १९९५ चा कायदा, रात्री अकरा ते सकाळी सहा ठरावीक सोडून विमान नाही. त्यांची माणसं रस्त्यावर आली, वर्षानुवर्षं भांडली, म्हणून त्यांना रात्र मिळाली. मी त्यांचा दुस्वास करत नाही. पण जगाच्या टाइमटेबलात जी रात्र कुणालाच नको होती, ती फिरत फिरत आमच्या डोंगरावर येऊन पडली. मुंबईला असली बंदी नाही. मागितलीय कुणी?

घाटकोपरवर बरंच काही पडतं.

२८ जून २०१८. जुहूहून चाचणीसाठी उडालेलं एक लहान विमान घाटकोपर पश्चिमेला भरवस्तीत, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या जागी कोसळलं. आतले चार आणि जमिनीवरचा एक, पाच मेले. बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले. जेवणाच्या सुट्टीनं वाचले, कुठल्या नियमानं नाही.

१३ मे २०२४. छेडानगरला पेट्रोल पंपावर राक्षसी होर्डिंग पडलं. सतरा माणसं गेली.

त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २० मे. मुंबईचं मतदान होतं. मी बोटाला शाई लावून पंतनगरला मावशीकडं गेलो होतो. रात्री नऊ वाजून गेल्यावर लक्ष्मीनगरच्या बाजूनं पोरं ओरडत आली, आभाळातनं पक्षी पडले. आम्ही मोबाइलच्या उजेडात बघितलं. गुलाबी पंख, लांब मान, तुटलेले पाय. दुबईहून आलेलं एमिरेट्सचं विमान उतरताना फ्लेमिंगोंच्या थव्यात घुसलं होतं. विमान सुखरूप उतरलं. पक्षी तीसहून अधिक मेले. पुस्तकात त्याला रोहित म्हणतात, अग्निपंख म्हणतात. त्या रात्री वस्तीतली एक म्हातारी नुसतं म्हणाली, "आगं बाई, पोरं हाईत का ही कुणाची?"

मी ह्या पक्ष्यांना ओळखतो. गोदीकडनं शिवडीला गेलं की ओहोटीच्या चिखलात ते दिसायचे, हजारोंनी, मान वाकवून, चोच उलटी करून चिखल चाळताना. हिवाळ्यात येतात, पावसाआधी जातात, बरेचसे कच्छकडं. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यावर शेवाळ वाढतं, ते शेवाळ खाऊन हे गुलाबी होतात. शहर ज्याला घाण म्हणून टाकून देतं त्यावर हे जगतात, आणि शहर त्यांचे फोटो काढतं. २०१५ मध्ये ठाण्याच्या खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं, २०२२ मध्ये रामसरच्या जागतिक यादीत टाकलं. कागदावर पक्ष्याची सोय झाली. पण त्याच खाडीकाठी नवी मुंबईत पाणथळी भरणं चालू, भरतीचं पाणी अडवणं चालू. भरतीच्या वेळी टेकायला जागा नसली की पक्षी उडणार. उडाला की विमानाच्या वाटेत. ह्याची दोन तलावांमधली वाट म्हणजे आपली दोन झोपडपट्ट्यांमधली वाट. इथनं हाकलला, तिथं गेला, तिथं कुणाच्या तरी आड आला.

पक्ष्यांना पण आवाज लागतो, दोस्तांनो. माद्रिदच्या विमानतळाजवळ अभ्यासकांना दिसलं की तिथले पक्षी पहाटेचं गाणं लवकर उरकून घेतात. विमानांची गर्दी सुरू व्हायच्या आत. मीसुद्धा कविता पहाटे तीनच्या पुढं, जरा फट सापडली की लिहितो. हसू नका.

कायद्याला पक्षी माहीत नाही असं नाही. १९३७ च्या विमान नियमांत कलम आहे : विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत पक्षी जमतील अशा रीतीनं जनावर मारायचं नाही, सोलायचं नाही, कचरा टाकायचा नाही. नियमाला कारण आहे, पक्षी इंजिनात गेला तर माणसं मरतील. मान्य. पण सोलणारे कोण होते आणि कचऱ्याशेजारी कोणाला बसवलंय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पक्षी आपटला की पहिलं बोट झोपडपट्टीच्या कचऱ्याकडं. कचऱ्याची गाडी डोंगरावर चढत नाही, त्या गाडीकडं बोट नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आमचं भांडण खरं तर इथंच झालं. दुसरा एक दोस्त, तो हसला नव्हता, तो म्हणाला : "तू आवाजाची तक्रार कर. उद्या ते म्हणतील, त्रास होतो ना, मग निघा." त्याचं खरं आहे. २००७ मध्ये विमानतळाच्या जागेवरच्या सुमारे ऐंशी हजार कुटुंबांना हलवायचं कंत्राट एका बिल्डर कंपनीला दिलं. कुर्ल्याला प्रीमियरच्या जागेत हजारो खोल्या उभ्या राहिल्या आणि वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. २०१३ मध्ये कंत्राट मोडलं. लोक तिथंच, धावपट्टीच्या कडेला. उद्या कोणी दयाळू चेहरा करून आवाजाचंच कारण पुढं करील आणि बुलडोझर आणील. म्हणून आपण काय मागतो ते नीट मागायला पाहिजे.

आपण विमान बंद करा म्हणत नाही. विमानात सामान चढवणारे, ते झाडणारे, बाहेर रिक्षा लावून उभे राहणारे आपलेच आहेत. त्यातले पुष्कळ जरीमरीतच राहतात. आपण आम्हाला हलवा असंही म्हणत नाही. आपण म्हणतो, आवाज हलवा.

पहिली मागणी. विमानाचा आवाज मोजा आणि आकडे मराठीत, हिंदीत, वस्तीच्या नाक्यावर पाटी लावून दाखवा. आमच्या कानाचा हिशेब आम्हाला कळू द्या.

दुसरी. मध्यरात्र ते पहाटे पाच विमानांची संख्या बांधून द्या आणि दरवर्षी कमी करा. आजारी माणसाचं, अडचणीतलं विमान कोणी अडवणार नाही.

तिसरी. सिडनीत विमान कंपन्यांवर आवाजाची पट्टी बसवून त्या पैशातनं घरांना आणि शाळांना आवाज अडवणारी छपरं-खिडक्या केल्या. इथंही तिकिटात विकासाच्या नावानं शुल्क घेतात. त्यातला हिस्सा पहिल्यांदा उतरत्या विमानाखालच्या महापालिकेच्या शाळांना आणि दवाखान्यांना द्या.

चौथी. ज्याला जायचं त्याला जवळच पक्कं घर. ज्याला राहायचं त्याच्या घराला हात नाही. आवाजाच्या नावानं एकही झोपडं पडता कामा नये.

पाचवी. नवी मुंबईच्या पाणथळी भरू नका. पक्ष्याची बसायची जागा राहिली तर विमानातला माणूसही सुरक्षित राहील.

ही पाचवी मागणी नीट ऐका. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, नदी वळवली, गावं उठवली. नदी वळवायची विद्या जुनीच आहे, इकडं धावपट्टीसाठी मिठी वळवली होती. आता काही लोक म्हणतात, बरं झालं, घाटकोपरचा भार कमी होईल. मला म्युनिकची पोरं आठवतात. एकीकडची सुधारली तेव्हा दुसरीकडची मागं पडली होती. आवाज उचलून उलवे-पनवेलच्या आगऱ्या-कोळ्यांच्या पोरांवर ठेवला तर आपण सुटलो असं मी मानत नाही. आपल्या गल्लीपुरता विचार करणाऱ्यांची या देशात आधीच पुष्कळ गर्दी आहे. २०२१ पासून मुंबईचा विमानतळ अदानी समूहाच्या हातात आहे, नवी मुंबईचाही त्यांच्याच. मालक दोन्हीकडं एकच, तर लोकांनीही दोन्हीकडं एकच व्हायला हरकत काय?

जमिनीचा सात-बारा आपल्या बापजाद्यांच्या नावावर कधी नव्हता. पण आभाळ तरी फुकट आहे, असं वाटायचं. ते पण वाटून झालंय. वरनं कोण जाणार ते ठरलंय, खाली कोण गप्प बसणार तेही ठरलंय. हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नाही. आपण न विचारता बोलणारी माणसं आहोत.

म्हणून पुढच्या अंकासाठी कविता नंतर पाठवा. आधी एक रात्र जागून काढा. एकटे नाही, आई-बापाबरोबर, शेजाऱ्याबरोबर. कागदावर वेळ लिहा आणि काय थांबलं ते लिहा. कोण बोलता बोलता थांबलं, कुठलं लेकरू दचकलं, कुणाची वंदना मध्ये तुटली. घाटकोपर, जरीमरी, साकीनाका, मरोळ, पार्ले, जिथं असाल तिथनं. ते कागद आम्ही जसेच्या तसे छापू, आणि छापलेला अंक घेऊन वॉर्ड ऑफिसच्या दारात बसू.

माझा कागद मी सुरू केलाय. पहिली नोंद माझ्या भाचीची आहे. तिनंच सांगितली, मी लिहून घेतली : आठ वाजून दहा मिनिटं, धडा तिसरा, ओळ चौथी, पुन्हा पहिल्यापासून.

जय भीम.